ऑस्करनंतर हा माणूस होता कुठे? एफ. मरे अब्राहमचं करिअर सोप्या भाषेत

‘द व्हाइट लोटस’च्या दुसऱ्या सीझनमधले ते आजोबा आठवतात का, मुलगा आणि नातवाला घेऊन सिसिलीत पूर्वजांचं गाव शोधायला आलेले, वय ऐंशी आणि नजर हॉटेलातल्या प्रत्येक पोरीवर? किंवा ‘मून नाइट’मधला तो खोन्शू, पक्ष्याच्या कवटीचं डोकं असलेला इजिप्शियन देव, त्याचा तो चिडका, खर्जातला आवाज? नाहीतर ‘होमलँड’मधला सीआयएचा दार अदाल, हा नक्की कोणाच्या बाजूचा आहे हे ज्याच्याबद्दल ठरवताच येत नाही? तिन्ही एकच माणूस आहे, एफ. मरे अब्राहम. आणि याच माणसाला १९८५ मध्ये बेस्ट ॲक्टरचं ऑस्कर मिळालंय, सपोर्टिंग वगैरे नाही, मेन.

हे सांगितलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग हा इतकी वर्षं होता कुठे? ऑस्कर मिळाल्यावर करिअर बसतं या प्रकाराला तर चक्क याचंच नाव चिकटलं होतं, समीक्षक लिओनार्ड माल्टिन यांनी वापरलेलं ‘एफ. मरे अब्राहम सिंड्रोम’ हे नाव बरीच वर्षं फिरत होतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. पण का वाटतं ते सांगायचं तर अमेरिकेत कॅरेक्टर ॲक्टरचं करिअर चालतं कसं, त्याला काम कोण देतं, पैसे कुठून येतात, नाटकाचं त्यात काय काम, हे सगळं थोडं उलगडावं लागेल, आणि त्यासाठी अब्राहमइतकी चांगली केस मिळणार नाही कारण या माणसाचं सगळंच करून झालंय, जाहिराती, फालतू सिनेमे, शेक्सपिअर, कार्टूनचे आवाज, सगळं.

आधी मुळात फरक काय ते. स्टारला लोक त्याच्यासाठी बघायला येतात, पिक्चरला पैसा त्याच्या नावावर उभा राहतो, त्यामुळे तो प्रत्येक वेळी थोडाफार तोच असावा लागतो, फार बदलला तर तिकीट काढणाराच नाराज. कॅरेक्टर ॲक्टरला हे ओझं नसतं. त्याच्या नावावर कोणी तिकीट काढत नाही, पण डायरेक्टरला माहीत असतं की पाच मिनिटांचा सीन याच्या हातात दिला तर तो सीन पडणार नाही. सातव्या नंबरवर येणाऱ्या ऑलराउंडरसारखं आहे हे, स्कोअरकार्डवर तीस रन दिसतात पण मॅच कुठे वळली ते टीमला माहीत असतं. अशा माणसाचं करिअर मोजायचं तर किती हिट दिले हे बघून उपयोग नाही, किती वर्षं काम मिळत राहिलं आणि किती प्रकारचं मिळालं हे बघावं लागतं.

अब्राहमचा जन्म २४ ऑक्टोबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचा. वडील सिरियातून आलेले, मोटार मेकॅनिक. आई इटालियन वंशाची, तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. लहानपणीच कुटुंब टेक्सासमध्ये एल पासोला गेलं, एकदम मेक्सिकोच्या बॉर्डरला लागून, आणि तिथे हा पोरगा टीनएजमध्ये गँगमध्ये फिरायचा. नाटकाची गोडी शाळा-कॉलेजात लागली, मग टेक्सासमधलं शिक्षण झाल्यावर न्यूयॉर्क, आणि तिथे उटा हेगन यांच्याकडे अभिनयाचे धडे. उटा हेगन म्हणजे अमेरिकन नाटकातलं खूप मोठं नाव, ग्रीनिच व्हिलेजमधल्या एचबी स्टुडिओत शिकवायच्या, आणि त्यांचा सगळा भर साध्या, खऱ्या वागण्यावर असायचा, म्हणजे स्टेजवर दुःख ‘दाखवू’ नका, त्या माणसाला आत्ता काय हवंय ते शोधा आणि ते मिळवायचा प्रयत्न करा, बाकीचं आपोआप होतं. हे वाक्य ऐकायला सोपं आहे, करायला अख्खं आयुष्य जातं.

नावातलं ते ‘एफ’ म्हणजे फरीद, वडिलांचं नाव. नुसतं मरे अब्राहम फारच साधं वाटतं म्हणून त्याने पुढे ते अक्षर लावलं. पण पूर्ण ‘फरीद’ का नाही लावलं, तर त्याचं म्हणणं असं की ते लावलं असतं तर सगळ्यांना मारायला निघालेला कडवट अरब एवढेच रोल आयुष्यभर मिळाले असते. १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत ही भीती अगदी खरी होती. कास्टिंगचं काम फोटो आणि नाव बघून सुरू होतं, माणूस दारातून आत यायच्या आधीच अर्धा निर्णय झालेला असतो. आणि त्याचा चेहरा असा की तो कोणत्याही भूमध्य समुद्राच्या बाजूच्या देशातला वाटतो, इटालियन म्हणा, ग्रीक म्हणा, अरब म्हणा, ज्यू म्हणा. हीरोसाठी त्या काळात ही अडचण होती, कॅरेक्टर रोलसाठी हेच भांडवल. बरेच लोक नावावरून त्याला ज्यू समजतात, तो तसा नाहीये, घर सिरियन ख्रिश्चन वळणाचं.

मग सुरू झाली ती न्यूयॉर्कची नेहमीची वणवण. १९६८ मध्ये ब्रॉडवेवर पहिलं पाऊल, १९७१ मध्ये सिनेमात थिएटरमधल्या डोअरकीपरचा चिमुकला रोल. १९७३ च्या ‘सर्पिको’त पोलीस, १९७६ च्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये पुन्हा पोलीस, वॉटरगेटच्या चोरट्यांना पकडणाऱ्यांपैकी एक. १९७५ मध्ये टेरेन्स मॅकनॅली यांच्या ‘द रिट्झ’ या फार्समध्ये ब्रॉडवेवर त्याला चांगला धमाल रोल मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या सिनेमातही तोच रोल त्यानेच केला. पण घर कशावर चालत होतं, तर जाहिरातींवर. ‘फ्रूट ऑफ द लूम’ नावाच्या अंडरवेअर कंपनीच्या जाहिरातीत माणसं फळांचे ड्रेस घालून नाचायची, त्यात आपले अब्राहमसाहेब पान. हो, झाडाचं पान.

इथे जरा थांबून पैशाचं गणित समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय या लोकांचे निर्णय कळत नाहीत. अमेरिकेत ॲक्टर लोकांच्या युनियन जबरदस्त आहेत. नाटकवाल्यांची ॲक्टर्स इक्विटी १९१३ पासून, सिनेमावाल्यांची स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड १९३३ पासून, नंतर २०१२ मध्ये ती टीव्ही-रेडिओवाल्यांच्या युनियनशी एकत्र झाली. युनियनने कमीत कमी दर ठरवलेले असतात, त्याला ‘स्केल’ म्हणतात, त्याच्या खाली निर्माता देऊच शकत नाही. स्टार लोक स्केलच्या कितीतरी वर असतात पण साधे काम करणारे ॲक्टर बऱ्याचदा स्केलवर किंवा त्याच्या आसपासच असतात. दुसरी गोष्ट रेसिड्युअल. म्हणजे काम एकदाच केलंत, पण तो सिनेमा टीव्हीवर परत लागला, ती जाहिरात परत परत दाखवली, तर दर वेळी थोडे पैसे येत राहतात. १९६० मध्ये गिल्डने संप करून सिनेमे टीव्हीवर दाखवण्याचे हे पैसे मिळवले, आणि त्या वेळी गिल्डचे अध्यक्ष कोण, तर रोनाल्ड रेगन, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि कामगार संघटनांशी त्यांचं अजिबात जमलं नाही, तो वेगळा विषय. देशभर चालणारी एखादी जाहिरात मिळाली तर तिच्या रेसिड्युअलवर न्यूयॉर्कचा ॲक्टर नाटक करत राहू शकायचा, म्हणून हे पान होणं हा काही अपमान नव्हता, ते घरभाडं होतं.

तिसरी गोष्ट, जी आपल्याकडे पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे हेल्थ इन्शुरन्स. युनियनचा इन्शुरन्स मिळायला वर्षाला ठरावीक रक्कम कमवावी लागते, २०२३ च्या संपाच्या वेळी ती २६,४७० डॉलर होती, आणि बहुतेक मेंबरांची तेवढीही कमाई होत नव्हती. ११८ दिवस चालला तो संप, आणि मोठं कारण हेच की स्ट्रीमिंग आल्यावर रेसिड्युअल आटले. त्यामुळे एखादा चांगला ॲक्टर भलत्याच सिनेमात दिसला की ‘याला काय अवदसा आठवली’ असं म्हणण्याआधी हे गणित डोक्यात असू द्यावं.

तर अब्राहमचं जाहिराती आणि व्हॉइसओव्हरमधून नीट चाललं होतं, आणि १९७८ मध्ये त्याने ते सगळं बंद केलं. कारण असं की कोणी त्याला ॲक्टर म्हणून सिरियसली घेतच नव्हतं, आणि आत्ता नाही तर कधीच नाही असं त्याला वाटलं. वय ३८-३९, घरी पोरं. बायको केट हॅनन नोकरीला लागल्या आणि हा घरी स्वयंपाक, केरवारे, पोरांना सांभाळणं. नंतर त्याने मोकळेपणाने सांगितलंय की पुरुषीपणाच्या त्याच्या ज्या काही कल्पना होत्या त्यांना हे फार जड गेलं पण आयुष्यात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. या माणसाच्या करिअरमधला खरा टर्न मला ऑस्करपेक्षा इथे दिसतो, आणि त्याचं अर्धं क्रेडिट केट यांचं. १९६२ ला लग्न झालं होतं, २०२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत, साठ वर्षं टिकलं.

आणि मग आला ‘अमाडेअस’. मूळ हे पीटर शाफर यांचं नाटक, मोझार्ट आणि त्याच्यावर जळणारा व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार सॅलिएरी यांचं, १९७९ मध्ये लंडनला आलं तेव्हा सॅलिएरी होते पॉल स्कोफील्ड, १९८० मध्ये ब्रॉडवेला आलं तेव्हा इयन मॅकेलन, म्हणजे दोघंही दिग्गज. सिनेमा करायला घेतला मिलोश फोरमन यांनी, आणि त्यांना ओळखीचे चेहरे नको होते, पडद्यावर मोझार्ट दिसला पाहिजे, अमुक स्टार मोझार्ट झालाय असं दिसायला नको. इथे कॅरेक्टर ॲक्टरला जे आयुष्यभर नडतं, म्हणजे लोकांना नाव माहीत नसणं, तेच कामाला आलं. मोझार्ट म्हणून टॉम हल्स, सॅलिएरी म्हणून अब्राहम. शूटिंग झालं प्रागमध्ये, कारण ते शहर अजून अठराव्या शतकासारखं दिसत होतं, आणि ऑपेराचे काही सीन तर त्याच थिएटरमध्ये झाले जिथे १७८७ मध्ये ‘डॉन जोव्हानी’चा पहिला प्रयोग झाला होता.

त्याच सुमारास तो ‘स्कारफेस’पण करत होता, अल पचिनोच्या सिनेमातला ओमार सुआरेझ, तो क्यूबन ड्रग दलाल, ज्याचा शेवट हेलिकॉप्टरला लटकून होतो. दोन्ही शूटिंग एकमेकांवर आली, त्यामुळे हा अमेरिका आणि प्रागमध्ये ये-जा करत होता, इकडे गोल्ड चेन घातलेला गुंड, तिकडे विग आणि रेशमी कोट घातलेला व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार. व्हर्सटाइल ॲक्टर म्हणजे काय हे एखाद्याला दाखवायचं असेल तर हे दोन सिनेमे पाठोपाठ बघायला लावावेत, वर्षभराच्या अंतराने रिलीज झालेत आणि माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

‘अमाडेअस’मधलं त्याचं काम नक्की कशामुळे एवढं भारी, हे जरा तपशिलात बघू, कारण ‘काय ॲक्टिंग केलीय’ एवढं म्हणून काहीच कळत नाही. गोष्ट सॅलिएरी सांगतोय, म्हातारा झालाय, वेड्यांच्या इस्पितळात आहे, समोर तरुण पाद्री बसलाय. तक्रार देवाविरुद्ध आहे, की मी तुझ्यासाठी संगीत करायचं व्रत घेतलं, ब्रह्मचर्य पाळलं, आणि तू प्रतिभा दिलीस त्या अचकट विचकट हसणाऱ्या पोराला, आणि मला काय दिलंस, तर ती ओळखण्यापुरती अक्कल. म्हणजे या रोलची अडचण अशी की सॅलिएरीला फार काही ‘करायचं’ नाहीये, त्याला ऐकायचंय. एक सीन आहे, मोझार्टची बायको नवऱ्याच्या नकळत त्याच्या हस्तलिखितांची चळत घेऊन येते आणि सॅलिएरी ती चाळतो. तो पानं वाचतोय, संगीत आपल्याला ऐकू येतंय, पान उलटलं की दुसरी रचना. डायलॉग जवळजवळ नाहीच. चेहऱ्यावर आधी कुतूहल, मग आनंद, अगदी भक्तासारखा आनंद, आणि त्याच्याच पोटात हळूहळू सरकत येणारी भीती, की यात एक खाडाखोड नाही, या मूळ प्रती आहेत, या माणसाने डोक्यात पूर्ण करूनच कागदावर उतरवलंय. कागद हातातून गळून पडतात. दुसऱ्याचं मोठेपण आपल्याला कळतं आणि आपण तिथे कधीच पोचणार नाही हेही कळतं, या दोन गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी, आणि कुठेही डोळे वटारणं नाही की दात ओठ खाणं नाही. उटा हेगन यांचं ते ‘दाखवू नका’ इथे दिसतं.

दुसरं म्हणजे वय. त्याच सिनेमात तो चाळिशीच्या आसपासचा दरबारी आणि तोच खंगलेला म्हातारा. म्हाताऱ्याच्या मेकअपला तासन्‌तास लागायचे, डिक स्मिथ आणि पॉल लेब्लांक यांना त्या सिनेमाच्या मेकअपचं ऑस्करही मिळालं. पण मेकअपने कातडी म्हातारी होते, आवाज नाही. म्हाताऱ्या सॅलिएरीचा आवाज, मध्येच येणारी ती खट्याळ चमक, पाद्र्याला चिडवताना येणारी मजा, ते सगळं त्याच्या नाटकातल्या वर्षांमधून आलंय.

(मध्येच एक, खऱ्या सॅलिएरीने मोझार्टला मारलं वगैरे काही नाही. ती अफवा जुनी, पुश्किनने १८३० मध्ये त्यावर छोटं नाटक लिहिलं आणि ती अमर झाली. खरा सॅलिएरी चांगला यशस्वी संगीतकार आणि शिक्षक होता, बीथोव्हन, शुबर्ट, लिस्ट हे त्याच्याकडे शिकलेत, आणि मोझार्टचा धाकटा मुलगासुद्धा.)

सिनेमाला ८ ऑस्कर. बेस्ट ॲक्टरच्या यादीत अब्राहम आणि टॉम हल्स दोघंही, सोबत जेफ ब्रिजेस, आल्बर्ट फिनी आणि सॅम वॉटरस्टन. अब्राहमला मिळालं आणि त्याने स्टेजवरून सांगितलं की आज एकच कमी आहे, टॉम हल्स माझ्या शेजारी उभा नाहीये. वय ४५.

आता त्या ‘सिंड्रोम’कडे येऊ. लोकांची अपेक्षा काय होती? की आता हा हीरो होणार. पण विचार करा, ४५ वर्षांचा, चेचकासारखे व्रण असलेला, लांबट, इटालियन-अरब चेहऱ्याचा माणूस, १९८५ च्या हॉलिवूडमध्ये त्याच्यासाठी हीरोचे रोल लिहितंय कोण? ऑस्करने चेहरा बदलत नाही. ऑस्करने होतं काय, तर रेट वाढतो, फोन उचलला जातो, आणि ज्या टाइपमध्ये तुम्हाला बघितलंय त्याच टाइपचे आणखी रोल येतात. आणि त्याला बघितलं होतं हुशार, जळणाऱ्या, कारस्थानी माणसाच्या रोलमध्ये. मग पुढचं बघा, १९८६ मध्ये ‘द नेम ऑफ द रोझ’, शॉन कॉनरीसमोर इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, बर्नार्दो गुई. १९९१ मध्ये गँगस्टर आर्नल्ड रॉथस्टाइन. १९९५ मध्ये अल कपोन. १९९६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कॉमेडीत चक्क स्टॅलिन. १९९८ मध्ये स्टार ट्रेकमधला कातडी ताणून घेतलेला परग्रहवासी व्हिलन. १९९९ मध्ये मपेट्स नावाच्या बाहुल्यांबरोबर नोहा, तो नौकेवाला. १९९३ च्या ‘लास्ट ॲक्शन हीरो’ या श्वार्झनेगरच्या सिनेमात तर त्याचीच फिरकी घेतलीय, सिनेमावेडा पोरगा अब्राहमला बघून सांगतो की याच्यावर विश्वास ठेवू नका, याने मोझार्टला मारलंय.

यातले सगळे चांगले आहेत का? अजिबात नाही, १९९० च्या दशकातले त्याचे बरेच सिनेमे टाकाऊ आहेत आणि ते झाकण्यात काही अर्थ नाही. काही चुका तर सरळ धंद्यातल्या. १९९० च्या ‘बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’मध्ये त्याचा चांगला मोठा रोल आहे पण क्रेडिटमध्ये नावच नाही, कारण नाव कसं आणि कुठे येणार यावरून कराराचा वाद झाला आणि त्याने नावच काढायला लावलं. याला तिकडे ‘बिलिंग’ म्हणतात. आपल्याला वाटेल काय हा इगो, पण ज्याला पुढचं काम त्या नावाच्या जागेवरून मिळतं त्याच्यासाठी तो पैशाचाच विषय असतो. सिनेमा आपटला, त्यामुळे नाव नसलेलं बरंच झालं म्हणा.

त्याला स्वतःला या जिंक्सबद्दल, म्हणजे ऑस्करच्या शापाबद्दल, विचारलं तेव्हा त्याचं उत्तर भारी होतं, की ऑस्कर ही माझ्या करिअरमधली सगळ्यात महत्त्वाची घटना, त्यामुळे राजेरजवाड्यांबरोबर जेवलो, ज्यांना देव मानायचो त्यांच्या बरोबरीने नाव लागलं, हार्वर्डला लेक्चर दिली, हा जर शाप असेल तर मला असे दोन द्या. आणि न्यूयॉर्कच्या सबवेतून फिरताना कोणी ओळखत नाही याचं त्याला उलट बरंच वाटतं असंही तो म्हणालाय.

सिनेमाच्या यादीवरून त्याला मोजणारे लोक एक गोष्ट बघतच नाहीत, ती म्हणजे या सगळ्या काळात तो नाटक करत होता. ऑस्करच्या आसपासच ‘अंकल वान्या’साठी त्याला ओबी अवॉर्ड मिळालं, ओबी म्हणजे ऑफ-ब्रॉडवेचं मानाचं अवॉर्ड. हे ब्रॉडवे आणि ऑफ-ब्रॉडवे प्रकरण पण एका वाक्यात सांगतो, रस्त्याशी त्याचा फारसा संबंध नाही, मुख्य फरक खुर्च्यांचा आहे, मॅनहॅटनमधली ५०० आणि त्याहून जास्त सीटची ठरावीक ४१ थिएटरं म्हणजे ब्रॉडवे, १०० ते ४९९ सीट म्हणजे ऑफ-ब्रॉडवे. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग, पैसा बरा, पण रिस्क मोठी म्हणून ओळखीची नाटकं आणि म्युझिकल. ऑफ-ब्रॉडवेला पैसा कमी पण ब्रेख्त करा, चेकॉव्ह करा, कोणी अडवत नाही. अब्राहमचा जीव दोन्हीकडे, पण जास्त दुसऱ्या ठिकाणी.

१९८८ मध्ये लिंकन सेंटरला माइक निकोल्स यांनी ‘वेटिंग फॉर गोदो’ केलं, स्टीव्ह मार्टिन आणि रॉबिन विल्यम्स घेऊन, तिकिटांसाठी मारामारी. सगळ्या बातम्या त्या दोघांच्या, आणि त्यात पोझो कोण, तर अब्राहम. १९९४ मध्ये ‘एंजल्स इन अमेरिका’त रॉन लीबमन यांच्या जागी तो रॉय कोन हा वकील झाला. लीबमन यांना त्या रोलसाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं अवॉर्ड, मिळालेलं, म्हणजे आपल्या भाषेत रिप्लेसमेंट, आणि मराठी नाटकवाल्यांना विचारा रिप्लेसमेंट किती वाईट काम असतं ते, तालमी कमी, बाकी सगळ्यांचं बसलेलं, आणि प्रेक्षक आधीच्याशी तुलना करायलाच आलेला. ऑस्कर घेतलेला माणूस हे करतो, याचा अर्थ त्याला रोल हवा होता, मान नाही. १९९५ मध्ये हेलन मिरेनबरोबर तुर्गेनेव्ह या रशियन लेखकाचं नाटक, १९९७ मध्ये ब्रॉडवेवर म्युझिकल, त्यात गाणंसुद्धा.

पण स्टेजवरचं त्याचं सगळ्यात मोठं काम विचाराल तर २००७ चा शायलॉक. न्यूयॉर्कच्या थिएटर फॉर अ न्यू ऑडियन्सने एकाच सीझनमध्ये दोन नाटकं घेतली, शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणि मार्लोचं ‘द ज्यू ऑफ माल्टा’, आणि आलटून पालटून दोन्ही करायची, याला रेपर्टरी म्हणतात. शायलॉकपण अब्राहम आणि बाराबासपण अब्राहम. दोन्ही ज्यू व्यापारी, दोन्ही सूड घेणारे, दोन्ही सोळाव्या शतकातल्या ज्यूद्वेषातून आलेले, पण मार्लोचा बाराबास जवळजवळ कार्टून, हसत हसत विषप्रयोग करणारा, आणि शायलॉक म्हणजे थुंकी झेलून झेलून कडवट झालेला माणूस. काल एक, आज दुसरा. हे करताना एकाचं दुसऱ्यात मिसळू न देणं हीच खरी परीक्षा. तो शायलॉक पुढे इंग्लंडला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या स्ट्रॅटफर्डला गेला, २०११ मध्ये परत उभा राहून अमेरिकेत फिरला. २०१२ मध्ये क्लासिक स्टेज कंपनीत ब्रेख्तचा गॅलिलिओ. शिवाय ब्रुकलिन कॉलेजला शिकवणं. सिनेमावाले म्हणतात गायब झाला होता!

आणि याचा फायदा नंतर झाला. साधारण २०१२ पासून टीव्ही बदलला, सीरिजमध्ये म्हाताऱ्या, गुंतागुंतीच्या माणसांचे रोल लिहायला लागले, आणि तेव्हा सत्तरीतला, आवाज शाबूत असलेला, कोणत्याही डायलॉगला घाबरत नसलेला ॲक्टर हवा होता. ‘होमलँड’च्या दार अदालसाठी दोन एमी नॉमिनेशन, एमी म्हणजे टीव्हीचं ऑस्कर. २०१४ मध्ये ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’चा म्हातारा मुस्तफा, सगळी गोष्ट तोच सांगतो, पुन्हा एकदा म्हातारपणी मागे वळून बोलणारा माणूस. ‘व्हाइट लोटस’साठी आणखी एक एमी नॉमिनेशन, वय ८३.

या काळातली एक वाईट बाजूही आहे. ‘मिथिक क्वेस्ट’ या सीरिजच्या तिसऱ्या सीझनमध्ये तो नव्हता, आणि २०२३ मध्ये बातमी आली की सेटवरच्या गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर त्याला काढलं गेलं. त्याने जाहीर माफी मागितली, आपण फक्त जोक केले पण त्याने सहकारी दुखावले आणि चांगलं काम गेलं असं म्हणाला. करिअर सांगताना हे गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला, ८५ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या आयरिश रेपर्टरी थिएटरमध्ये त्याने बेकेटचं ‘क्रॅप्स लास्ट टेप’ केलं, एकटा माणूस, एक टेपरेकॉर्डर, आणि त्यावर स्वतःचाच तरुणपणीचा आवाज. म्हणजे परत ऐकण्याचाच रोल.

कुठून सुरू करायचं असं कोणी विचारलं तर ‘अमाडेअस’ तर आहेच, पण त्याच्या आधी कोएन बंधूंच्या २०१३ च्या ‘इनसाइड लुइन डेव्हिस’मधला त्याचा एकच सीन बघा. तो शिकागोच्या क्लबचा मालक बड ग्रॉसमन, समोर खिशात पैसे नसलेला लोकगीत गायक खूप लांबून आलाय, गिटार काढून पूर्ण गाणं म्हणतो, मनापासून, सुंदर. अब्राहम खुर्चीत बसून ऐकतो. चेहरा हलत नाही. आपल्याला वाटत राहतं की आता याच्या डोळ्यात काहीतरी येणार. गाणं संपतं, आणि तो शांतपणे सांगतो की यात मला फारसे पैसे दिसत नाहीत. सीन काही मिनिटांचा. वाईटपणा नाही, कीव नाही, धंदा करणारा माणूस खरं सांगतोय एवढंच, आणि त्यापुढे तो बिचारा गायक काय बोलणार. हा बघितला की मग ‘स्कारफेस’ लावा, मग ‘अमाडेअस’, आणि ‘व्हाइट लोटस’ सगळ्यात शेवटी.